पडद्याआडचे मत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या सातारा मतदारसंघात ७ मे रोजी मतदान झाले. उन्हाळा कडक होता, म्हणून मी सकाळी सातच्या ठोक्याला गावच्या शाळेत जाऊन रांगेत उभा राहिलो. बरोबर नात होती. ती पुण्याला शिकते, पण तिचे नाव गावच्या मतदार यादीत आहे. आदल्या दिवशीच्या एसटीने ती मुद्दाम मतदानासाठी आली होती. वय एकोणीस, आयुष्यातले पहिले मत. मत देऊन शाळेच्या आवाराबाहेर आल्यावर तिने बोटावरच्या शाईचा फोटो काढला, तो मैत्रिणींना पाठवला आणि आम्ही घराकडे चालू लागलो. मी सहज विचारले, “कुणाला दिलंस गं?”

ती हसली आणि म्हणाली, “ते सांगायचं नसतं ना, आजोबा?”

मी ओशाळलो. मी प्राथमिक शिक्षक. नोकरीच्या काळात जितक्या निवडणुका झाल्या, त्यांतल्या बहुतेकांत माझी ड्यूटी लागली. पुढे केंद्राध्यक्ष झाल्यावर मतदान सुरू होण्यापूर्वी लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२८वे कलम सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. मतदानाची गुप्तता राखली पाहिजे, जो ती मोडील त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ते कलम मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसाठी आहे, घरच्या आजोबांना ते लागू होत नाही, हे खरे. तरीही जे वाक्य मी इतकी वर्षे खड्या आवाजात वाचले, ते माझ्या नातीने मला ऐकवावे, याची गंमत वाटली आणि थोडी लाजही. त्या दिवसापासून मी आमच्या घरातल्या मतांचा हिशेब मनाशी मांडत बसलो आहे. आज तोच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. देशभरात ते मतदान २५ ऑक्टोबर १९५१ला हिमाचलच्या डोंगरात सुरू झाले आणि फेब्रुवारी १९५२पर्यंत चालले. हिमाचलमधला तो भाग बर्फाने बंद होण्याआधी तिथले मतदान उरकायचे होते. आमच्याकडे, म्हणजे त्या वेळच्या मुंबई राज्यात, १९५२च्या सुरुवातीला पाळी आली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचे काम किती अवघड होते, हे मला पुढे शिक्षक झाल्यावर वाचनातून कळले. १७ कोटींहून अधिक मतदार, आणि १९५१च्या जनगणनेप्रमाणे देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के. ज्याला स्वतःचे नाव वाचता येत नाही, त्याने उमेदवाराचे नाव कसे ओळखायचे? म्हणून चिन्हे आली. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे वडाचे झाड, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचा कणीस-विळा, जनसंघाचा दिवा. आमच्या तोंडी शब्द होता ‘निशाणी’. पक्ष कोणता हे पुष्कळांना सांगता येत नसे, पण निशाणी पोराटोरांनाही पाठ.

त्या वेळची पद्धत आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले. सगळ्या पेट्या पडद्याआड ओळीने मांडलेल्या. मतदाराला मिळे एक रुपयाच्या नोटेएवढा कागद. तो नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेला असे. कागदावर शिक्का नाही, फुली नाही. पडद्याआड जायचे आणि आपल्या निशाणीच्या पेटीत तो टाकून यायचे. देशभरासाठी वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. त्यांतल्या पुष्कळशा मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. मतमोजणीच्या वेळी काही ठिकाणी पेट्यांतून नाणी आणि गाऱ्हाण्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. देवापुढच्या दानपेटीखेरीज दुसरी पेटी ज्यांनी पाहिली नव्हती, त्यांनी काय करावे?

या निवडणुकीआधीही मते होती, पण ती थोड्यांची. १९३५च्या कायद्याने प्रांतांच्या निवडणुकीत मत दिले, तेही मुख्यतः शेतसारा, कर किंवा शिक्षण पाहून. १९३७ साली अख्ख्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून मतदार तीन कोटींच्या आसपास होते. आमचे आजोबा त्यांतले एक, कारण सातबाऱ्यावर जमीन होती. त्यांच्या शेतावर राबणाऱ्या गड्याला मत नव्हते, आणि आमच्या आजीलाही नव्हते. १९५२ साली आजोबा, आजी आणि तो गडी, तिघांनाही सारखे एकेक मत मिळाले. आजोबांना ते थोडे खटकले असावे. शाळेच्या ओट्यावर ते पागोटे सावरत बसले होते आणि गडी रांगेत त्यांच्या पुढे होता. रांग एकच होती. पण वरच्या आळीची माणसे आणि गावकुसाबाहेरची माणसे यांच्यामध्ये दोन-तीन हातांची मोकळी जागा राखलेली होती, हेही मला आठवते. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, असा विसंवाद घेऊन आपण निघालो आहोत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४९मध्ये घटना समितीत दिला होता. ती दोन-तीन हातांची जागा म्हणजे हाच विसंवाद, हे समजायला मला पुढे वीस वर्षे लागली. आणि स्वतः आंबेडकर त्याच निवडणुकीत मुंबईतून पडले. नारायण काजरोळकर यांनी त्यांना सुमारे १५ हजार मतांनी हरवले.

आता आजीची गोष्ट. यादी घेऊन बसलेल्या गुरुजींनी तिला विचारले, “नवऱ्याचं नाव काय?” आजी गप्प. पुन्हा विचारले, तरी गप्प. शेवटी तिने पदर तोंडाशी धरून ओट्याकडे बोट केले आणि म्हणाली, “ते काय तिथं बसल्यात, त्यास्नीच इचारा.” रांगेत हशा पिकला. गुरुजींनीच यादीतले नाव वाचले, तिने मान हलवली आणि तिला कागद मिळाला. पुढे वाचले की उत्तरेकडच्या प्रांतांत सुमारे २८ लाख बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले, म्हणून त्यांची नावे यादीतून वगळावी लागली. आमच्या आजीचे नाव निदान यादीत होते. पण कागद कुठल्या पेटीत टाकायचा, हे आदल्या रात्री आजोबांनी सांगून ठेवले होते. “बैलजोडी. दुसरीकडं हात लावायचा नाही.” तिने त्याप्रमाणे केले, असे घरात सर्वांनी धरून चालले.

आमच्या घरातली पहिली फूट १९५७ची. ती फक्त आमच्या घरातली नव्हती. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी मुंबईत गोळीबार झाले होते, माणसे मेली होती, आणि मराठी मुलुखाला गुजरातेबरोबर बांधून १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य केले होते. आजोबा गांधीटोपीवाले, काँग्रेसशी इमान राखणारे. वडील संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना सायकलवरून दहा-दहा मैल जाणारे. शाहीर अमरशेखांचा आवाज ऐकून आलेला माणूस रात्री शांत झोपू शकत नसे. जेवताना बापलेक बोलेनासे झाले. पंगतीत आजोबा आधी जेवून उठत, मग वडील बसत.

निवडणुकीच्या आदल्या रात्री आजोबांनी आजीला आपली निशाणी सांगितली. मग मागच्या पडवीत जाऊन वडिलांनी तिला समितीच्या उमेदवाराची निशाणी सांगितली. आजी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, “एकानं दावं इकडं वडावं, एकानं तिकडं. मी गाय हाय व्हय रं?” दुसऱ्या दिवशी ती मत देऊन आली. आजोबांनी विचारले, वडिलांनीही विचारले. तिने दोघांनाही एकच उत्तर दिले, “टाकला की कागुद.” कुठल्या पेटीत, ते शेवटपर्यंत सांगितले नाही. त्या वेळी आम्ही पोरे हसलो. आज वाटते, आमच्या घरातले पहिले गुप्त मतदान ते.

त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला हादरा दिला. आमच्या साताऱ्याकडून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कऱ्हाडमधून थोडक्यात निवडून आले. तीन वर्षांनी, १ मे १९६०ला, महाराष्ट्र राज्य झाले. नेत्यांच्या वाटाघाटी झाल्या, दिल्लीत खलबते झाली, हे सगळे खरे. पण लोकांनी पेटीत टाकलेल्या कागदांकडे दुर्लक्ष करता येत नाही, हे त्या वेळी सर्वांना कळून चुकले. राज्य झाल्यावर आजोबा आणि वडील पुन्हा एका पंगतीला जेवू लागले. कोण जिंकले, हा विषय दोघांनीही काढला नाही.

वेगळ्या पेट्यांची पद्धत फार टिकली नाही. तिच्यात एक खोट होती. मतदार कागद पेटीत न टाकता कमरेला खोचून बाहेर आणू शकत असे, आणि बाहेरचा दलाल असे पाच-पंचवीस कागद गोळा करून एकाच माणसाकरवी हव्या त्या पेटीत टाकू शकत असे. म्हणून पेटी सर्वांना एकच आणि उमेदवारांची नावे व चिन्हे मतपत्रिकेवर, अशी पद्धत आली. १९६२च्या निवडणुकीत ती जवळजवळ सर्वत्र रूढ झाली. बोटाला लावायची म्हैसूरच्या कारखान्यातली शाईही तेव्हापासूनची.

मी १९६३मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलो. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, त्यामुळे १९६२ हुकले होते. १९६७ साली माझे पहिले मत आणि पहिली ड्यूटी एकदमच आली. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका देशभर एकत्र होण्याची ती शेवटची खेप. माझी ड्यूटी दुसऱ्या गावी लागल्यामुळे मला टपालाने मत द्यायचे होते. मतपत्रिकांचे पाकीट घरी आले. वडील समोर पाटावर बसले आणि म्हणाले, “आण, बघू.” मी त्यांच्या देखत त्यांनी बोट ठेवले तिथे खूण केली. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी बापाविरुद्ध बंड केले होते, त्यांना मुलाचे मत आपल्या हाताखाली हवे होते. आणि मलाही त्यात वावगे वाटले नाही. चोवीस वर्षांचा होतो मी.

दुसऱ्या दिवशी परक्या गावच्या शाळेत मी लोकांच्या बोटाला शाई लावत होतो. त्या कामाचे मला पुढे वेडच लागले. आदल्या दिवशी ट्रकमधून पेटी, लाख, मेणबत्ती, सुतळी, मोहोर, फुलीचा शिक्का, फॉर्मांची चळत घेऊन जायचे. शाळेत कंदील लावून पाकिटे लिहायची. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींना पेटी उलटी करून रिकामी दाखवायची, मग कागदी सील लावून बंद करायची. मतपत्रिका आधी उभी आणि मग आडवी घडी घालून द्यायची, म्हणजे शिक्क्याची ओली शाई दुसऱ्या उमेदवाराच्या घरात उमटण्याची शक्यता कमी. उमटलीच तर शिक्क्यातली बाणांची फुली अशी आखलेली असते, की मूळ ठसा कोणता आणि घडीतून उमटलेला उलटा ठसा कोणता, हे मोजणीत ओळखता यावे. एका माणसाच्या मनातली गोष्ट दुसऱ्याला कळू नये आणि तरी ती बरोबर मोजली जावी, एवढ्यासाठी कोणीतरी किती विचार केला होता! आडदांड पुढारी दारात आला तर मी त्याला हात जोडून, पण ठामपणे, बाहेर उभे करी. म्हाताऱ्या बाईबरोबर तिचा मुलगा पडद्याआड जाऊ लागला तर मी अडवी. “आजींना दिसतं ना? मग त्यांना एकट्यांना जाऊ द्या.”

आणि घरी? १९६८ला माझे लग्न झाले. १९७१च्या मध्यावधी निवडणुकीत पत्नीचे पहिले मत होते. ड्यूटीवर निघताना दारात सायकल धरून मी तिला निशाणी सांगितली. तिने मान डोलावली. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला तसेच. निशाणी कोणती, ते आज सांगत नाही. आता निदान तेवढे पथ्य पाळतो. परक्या गावच्या म्हाताऱ्यांच्या मताची मी राखण करत होतो आणि माझ्या उंबऱ्यावरच्या मताला पडदा नव्हता. दोन्ही गोष्टी एकच माणूस करत होता, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नव्हती.

पडद्याची खरी किंमत मला १९७७ला कळली. आणीबाणी चालू होती. आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिले होते. केस आणली नाही तर पगार अडे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते, त्याला राष्ट्रपतींची संमती मात्र मिळाली नाही. मी दोन केसेस नेल्या होत्या. त्यांतल्या एकाच्या बायकोने नंतर कित्येक वर्षे माझ्याकडे पाहिले नाही. तो सल अजून आहे. मार्च १९७७मध्ये निवडणूक आली तेव्हा कोणी काही बोलत नव्हते. पारावर माणसे बसत, पण विषय पावसाचा आणि उसाचा. माझ्या केंद्रावर सगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बावचळले होते. माणसे येत, शिक्का मारत, खाली मान घालून निघून जात. तोंडावरून काही ताडता येईना. मुंबई-पुण्यात पु. ल. देशपांड्यांसारखे लेखक जाहीर सभांतून बोलत होते, दुर्गाबाई भागवत त्याआधीच तुरुंगात जाऊन आल्या होत्या. पण खेड्यातल्या माणसाजवळ बोलण्याची एकच जागा होती, ती म्हणजे पडद्यामागची.

२० मार्चच्या रात्री आम्ही ट्रान्झिस्टरभोवती बसलो होतो. रायबरेलीत इंदिराबाई हरल्याची बातमी पक्की झाली तेव्हा रात्र बरीच उलटली होती. वडील म्हातारे झाले होते. ते इतकेच म्हणाले, “लोक गप्प असले म्हणजे मुके नसतात.” महाराष्ट्रात निकाल उत्तरेइतका एकतर्फी लागला नाही, आणि १९८०मध्ये त्याच मतदारांनी इंदिराबाईंना पुन्हा निवडून दिले. पण सत्ता शांतपणे काढून घेता येते आणि परतही देता येते, हे आमच्या पिढीने तीन वर्षांत दोनदा पाहिले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९८९मध्ये घटना दुरुस्तीने मतदानाचे वय १८ झाले आणि माझ्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी मत मिळाले. मी त्याला निशाणी सांगायला गेलो, तर त्याने माझ्याशी तासभर वाद घातला. तो मला आपले मत सांगत असे, वर तेच बरोबर कसे हेही सांगत असे. त्याच्या पिढीला पडद्यापेक्षा चर्चा जास्त प्यारी. मग टी. एन. शेषन आले. गावातल्या भिंती रंगायच्या थांबल्या, रात्री उशिरापर्यंत कोकलणारे कर्णे गप्प झाले, आणि मतदाराला फोटोचे ओळखपत्र मिळू लागले. पहिल्या ओळखपत्रावरच्या फोटोत मी कोणीतरी फरारी आरोपी दिसतो, पण ते मी जपून ठेवले आहे. मी २००१ला निवृत्त झालो. १९८२ला केरळात परूरच्या पन्नास केंद्रांवर प्रथम वापरलेले मतदान यंत्र २००४ला लोकसभेसाठी देशभर आले. म्हणजे मी लाखेच्या आणि मेणबत्तीच्या काळातला शेवटचा माणूस.

यंत्राबद्दल पुष्कळ वाद झाले. आता २०१९पासून सर्वत्र यंत्राशेजारी चिठ्ठी दिसते, सात सेकंद. माझी तक्रार वेगळी आणि लहान आहे. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका पिंपात टाकून एकत्र मिसळत, म्हणजे अमुक वाडीने कोणाला मते दिली, ते कळू नये. आता केंद्रवार आकडे जाहीर होतात. निकाल लागला की गावचा पुढारी मोबाइलवर बोट फिरवतो आणि सांगतो, “त्या वस्तीनं आपल्याला दगा दिला. बघू पाण्याच्या टाकीचं.” चार-पाचशे घरांच्या वाडीत हे ऐकायला बरे वाटत नाही. अनेक यंत्रांतली मते एकत्र करून मोजण्याची सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती. ती अमलात आलेली नाही. माणसाचे मत झाकले गेले, वस्तीचे उघडे पडले.

नातीशी या सगळ्यावर बोलणे झाले ते त्या मे महिन्यातल्या रात्री, अंगणात बाजा टाकून. मी नेहमीच्या वळणावर गेलो. म्हणालो, “आमच्या वेळी ध्येय होतं. आता नुसता पैसा.” ती म्हणाली, “तुमच्या वेळी काहीच वाटायचे नाहीत?” खोटे कसे बोलू? मतदारांना आणायला ट्रॅक्टर-जीपा फिरत. आदल्या रात्री वाड्यावर पंगती उठत. आळीच्या एका शब्दावर शंभर मते फिरत, आणि तो शब्द ज्याचा, त्याला काय मिळाले ते सगळ्यांना माहीत असे. आता हिशेब माणशी झाला, एवढाच फरक. मी म्हणालो, “तुमच्यातली निम्मी पोरं नावच नोंदवत नाहीत.” यावर तिने मान्य केले, “हो. माझ्या रूममधल्या दोघींची नावं कुठंच नाहीत. गावाकडं नाव घालायचं की पुण्यात, यातच राहिलं.” मग तिनेच सांगितले की आता नोंदणीसाठी वर्षात चार तारखा असतात, पूर्वीसारखी जानेवारीची एकच वाट पाहावी लागत नाही. हे मला माहीत नव्हते.

मी तिला एक आकडा सांगितला. १९६२च्या लोकसभा निवडणुकीत दर शंभर पुरुषांतल्या ६३ जणांनी मत दिले होते आणि दर शंभर बायकांतल्या ४७ जणींनी. २०१९ला बायकांची टक्केवारी पुरुषांच्या किंचित पुढे गेली, आणि २०२४लाही तेच झाले. सत्तावन्न वर्षे लागली. “तुझ्या खापरपणजीला नवऱ्याचं नाव घेता येईना, म्हणून रांग खोळंबली होती,” असे मी म्हणालो आणि आजीची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग थोड्या वेळाने तिने विचारले, “आणि आमची आजी? ती कुणाला द्यायची?”

मी लगेच उत्तर दिले, “मी सांगायचो त्याला.”

“ती असं म्हणायची का तुम्ही असं धरून चालायचात?”

पत्नी २०२१मध्ये गेली. तिचे शेवटचे मतदान ऑक्टोबर २०१९चे. आमच्याकडे विधानसभा आणि लोकसभेची पोटनिवडणूक एकाच दिवशी होती, खोलीत दोन यंत्रे होती. निवृत्तीनंतर मीही तिच्याबरोबर रांगेत असे. त्या दिवशी सकाळी मी तिला दोन्ही निशाण्या नीट समजावून सांगितल्या. ती आत गेली, यंत्र एकदा वाजले. मग बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले, गोंधळली असेल. मग दुसऱ्यांदा वाजले. बाहेर आल्यावर मी विचारले, “जमलं ना?” ती म्हणाली, “न जमायला काय झालं?” आणि चपला घालून चालू लागली.

अट्ठेचाळीस वर्षांत मी तिला दर खेपेला निशाणी सांगितली. तिने दर खेपेला मान डोलावली. पण “तुम्ही सांगितलं त्यालाच दिलं” असे ती कधी तोंडाने म्हणाल्याचे, कितीही आठवले तरी, मला आठवत नाही. तिला आजीसारखे तिखट बोलता येत नसे. घरात ज्या गोष्टी तिला पटत नसत, त्या ती वाद न घालता आपल्या पद्धतीने करी आणि मला त्या सहा महिन्यांनी कळत. मत तेवढे ती माझ्या सांगण्याप्रमाणे देत होती, असे मी कशावरून धरले? आता विचारायचे कोणाला? यादीत तिच्या नावापुढे मत दिल्याची खूण असेल, सही असेल. पुढचे कोणत्याच कागदावर नाही. ते तसे कुठेच राहू नये, यासाठीच तर मी आयुष्यभर लाख वितळवली.

मी नातीला म्हणालो, “खरं सांगू? मला माहीत नाही.” ती काही बोलली नाही. आम्ही बराच वेळ चांदणे पाहत पडून राहिलो. मला वाईट वाटायला हवे होते, पण वाटले नाही. उलट, तिने स्वतःच्या मनाने मते दिली असतील तर बरे, असे वाटत राहिले.

२० नोव्हेंबर २०२४ला विधानसभेचे मतदान होते. नात पुन्हा एसटीने आली. या वेळी तिच्या रूममधल्या एका मैत्रिणीने पुण्यात नाव नोंदवून घेतले होते, हे तिने आल्या आल्या सांगितले. ८५ वर्षांच्या पुढच्यांना घरी बसून मत देण्याची सोय आता झाली आहे, पण मला त्याला अजून काही वर्षे आहेत, आणि असती तरी मी शाळेतच गेलो असतो. दोन बाया, मग मी, मग नात, असे रांगेत होतो. आमच्या पुढे-मागे कोण कुठल्या आळीचे होते, ते पाहिले. मधली दोन-तीन हातांची जागा आता नाही. माझे झाले, मी बाहेर येऊन पिंपळाच्या पाराशी थांबलो. ती आली. मी विचारले, “आत गर्दी होती का गं?”

“नव्हती,” ती म्हणाली, आणि आम्ही घरी जेवायला गेलो.